जज यायला तीन आठवडे आणि झेंडू गोगलगायींनी खाल्ले, काय करू? (इन ब्लूम, इंग्लंड)

मीठभाकर · १६ जून २०२४

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही ईस्ट मिडलंड्समधल्या एका छोट्या गावात राहतो. हाय स्ट्रीटवर दोन बेकऱ्या, एक चिप्सवाला आणि का कोण जाणे पण चार न्हावी, एवढाच पसारा. गेल्या सप्टेंबरात लायब्ररीच्या दारावर एक कागद दिसला, दर मंगळवारी दहा वाजता गावातल्या फुलझाडांच्या कामाला माणसं हवीत, हातमोजे आम्ही देऊ. मी तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे घरी बसलेले, गेले. तिथे सगळे सत्तरीच्या आसपासचे आणि मी. मुख्य बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पहिल्याच दिवशी मला 'मी डक' म्हणाल्या. मी घरी येऊन नवऱ्याला फणकाऱ्याने सांगितलं की मला बदक म्हणाली ती बाई. इकडे प्रेमाने सगळ्यांनाच तसं म्हणतात हे नंतर कळलं.

तर हे काम म्हणजे 'इन ब्लूम' या गाव फुलांनी सजवण्याच्या स्पर्धेचं. इथे बऱ्याच गावांचा असा गट असतो हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं, मला वाटायचं खांबावरच्या त्या टोपल्या काउन्सिल लावतं. ऑक्टोबरात डॅफोडिलचे कंद पुरले, थंडीत रेलिंगला रंग दिला, आणि वसंतात प्रत्येकाला एकेक प्लँटर (झाडं लावायची पेटी) वाटून दिला. माझा बसस्टॉपजवळचा, लाकडी, साधारण चार फूट बाय दोन फूट. मी म्हटलं मी झेंडू लावणार. इथे पाकिटावर 'आफ्रिकन मेरीगोल्ड' लिहिलेलं असतं (मूळचा तो मेक्सिकोचा, आफ्रिकेचा काय संबंध देव जाणे). एप्रिलमध्ये दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत चाळीस रोपं झाली, नवरा म्हणाला आता भांडी कुठे वाळवायची. मेअखेर थंडी ओसरल्यावर नेऊन लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नुसत्या काड्या! चाळीसातली अकरा उरली. मातीवर सगळीकडे तो चकाकणारा चिकट माग. यंदा पाऊस थांबायचं नावच घेत नाहीये त्यामुळे बिनशंखाच्या गोगलगायींची (स्लगची) नुसती दिवाळी चालू आहे.

जज १० जुलैला येणार. आता प्रश्न असे की कमिटी म्हणतेय गार्डन सेंटरमधून तयार बेगोनिया आणून लाव, हे चीटिंग नाही का? आणि स्लगचं काय करू, मीठ टाकायला हात धजत नाही.

तिसरं म्हणजे कमिटीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जज येतील त्या दिवशी तुमच्या कम्युनिटीतली चारपाच माणसं आणता येतील का, जमलं तर साडीत, कम्युनिटीचे मार्क असतात. माणूस वाईट नाहीये हो, अगदी साधेपणाने विचारलं. पण मला ते कुठेतरी टोचलं. इतके मंगळवार गेले, तण उपटायला आमच्या कुणाला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही आणि आता साडी हवी. मी जास्त मनाला लावून घेतेय का?

---

खुरपंवाली · १६ जून

मीठभाकर, आधी पाठ थोपटून घे. मी यॉर्कशायरमध्ये नऊ वर्षं हेच करतेय आणि पहिल्या वर्षी माझी अख्खी लोबेलिया वाळून गेली होती, कारण टोपल्यांना रोज पाणी लागतं हेच माहीत नव्हतं. सकाळी सहाला लांब दांडीची नळी वर धरून पाणी घालताना ते कोपरावरून थेट काखेत उतरतं, तो अनुभव आला की तू खरी ब्लूमवाली.

स्लग. मिठाचं नावही काढू नकोस, माती खराब होते. स्लग मारायच्या निळ्या गोळ्या शेजारणीकडे जुन्या पडल्या असतील तर त्याही नको, त्यातल्या मेटाल्डिहाइडवर २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या सगळे सांगतील. ही स्पर्धा जी संस्था चालवते त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेच २०१८ मध्ये ते लेट्यूसवर तपासून बघितलं, काही फरक पडला नाही. शिवाय २०२२ पासून त्यांनी स्लगला 'पेस्ट' म्हणणंच सोडलंय, त्यामुळे जजसमोर त्यांना शिव्या घालू नकोस 😄 चालतं ते दोनच. एक, नेमाटोड (स्लगला मारणारे सूक्ष्म कृमी), पाण्यात कालवून ओतायचे, माती पाच डिग्रीच्या वर हवी, साधारण सहा आठवडे निभतं. दुसरं म्हणजे रात्री दहाला टॉर्च आणि डबा घेऊन जायचं आणि हाताने वेचायचं. बसस्टॉपवर रात्री टॉर्च घेऊन वाकलेली बाई बघून लोक थांबतील, हाय-व्हिज (लांबून दिसणारं पिवळं) जाकीट घालून जा म्हणजे कुणी काही विचारत नाही.

बेगोनिया लावणं अजिबात चीटिंग नाही, सगळ्यांची निम्मी रोपं विकतचीच असतात. पण आदल्या दिवशी नको लावू. जज दोघं येतात, बागकामात मुरलेली माणसं असतात ती, काल खोचलेलं रोप त्यांना लांबूनच कळतं, माती सैल असते आणि रोपं एकमेकांना टेकलेली नसतात. आजच लाव, तीन आठवड्यांत भरून येईल. आणि अकरा झेंडू काढू नकोस! शेंडे खुड, फुटवे येतील.

मार्कांचं म्हणशील तर तीन भाग असतात, बागकाम, पर्यावरण आणि लोकसहभाग. २०० पैकी १७० च्या वर गोल्ड, १५० च्या वर सिल्व्हर गिल्ट, मग सिल्व्हर, ब्राँझ. म्हणजे नुसती फुलं फुलवून गोल्ड मिळत नाही. पीटशिवायची (दलदलीतून न काढलेली) माती, पावसाचं पाणी साठवणारी पिंपं, कचरा, भिंतीवरचं खरडलेलं, सगळं बघतात.

साडीचं उत्तर मी देत नाही, तिथे माझी जीभ घसरेल.

---

सडेतोड सातारकर · १७ जून

मी लंडनला अकरा वर्षं आहे. राग मानू नका पण हे सगळं काउन्सिलचं काम फुकटात करून देणं आहे. बजेट कापायचं, माळी काढून टाकायचे, मग म्हाताऱ्यांना पिवळी जाकिटं द्यायची आणि त्याला कम्युनिटी म्हणायचं. आमच्या भागात पार्कातले माळी गेले आणि दुसऱ्या वर्षी 'फ्रेंड्स ऑफ द पार्क' असा बोर्ड लागला. टॅक्स तोच. वर स्पर्धा! आपल्याकडे निदान श्रमदान म्हणतात तरी.

---

खुरपंवाली · १७ जून

सातारकर, अर्धं खरं आहे तुमचं. आमच्याकडे पूर्वी काउन्सिलची गाडी टोपल्यांना पाणी घालायची, ती बंद झाली, आता दुकानदार टोपलीमागे पैसे देतात आणि आम्ही पाणी घालतो. पण मी काउन्सिलसाठी नाही जात हो. मी इकडे आले तेव्हा सहा महिने पोस्टातल्या माणसाशिवाय कुणाशी बोलले नव्हते. आता रस्त्याने भाजी आणायला गेले तर तासभर लागतो. त्याचे मार्क कुणी दिले नाहीत तरी चालतंय.

पण एक कान धरून सांगते मीठभाकर, गटाचा पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्या कामामुळे कुणाला इजा झाली तर भरपाईचा) आहे का विचार. आणि रस्त्यामधल्या राउंडअबाउटवर काम असेल तर परवानगीशिवाय पाय ठेवू नकोस, तिथे हौस चालत नाही.

---

निवृत्त मास्तर · १७ जून

पुण्याहून लिहितोय, मुलीकडे लीड्सला तीन उन्हाळे काढलेत. या स्पर्धेचं मूळ फ्रान्समध्ये आहे बरं का. रॉय हे (Roy Hay) नावाचे बागकामावर लिहिणारे इंग्रज पत्रकार सुट्टीत फ्रान्सला गेले, तिथली फुलांनी सजवलेली गावं बघून आले आणि आपल्याकडेही असं हवं म्हणून मागे लागले. १९६४ साली पहिली 'ब्रिटन इन ब्लूम' झाली, म्हणजे यंदा साठ वर्षं. आधी पर्यटन खात्याकडे होती, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे २००२ मध्ये आली. फ्रान्समध्ये आजही गावाच्या वेशीवर पाटी असते, त्यावर एक ते चार फुलं काढलेली. हॉटेलला तारे तशी गावाला फुलं.

आमच्या पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मी न चुकता जातो, गुलाबासमोर उभा राहून बायकोची बोलणी खातो. पण तिथे आपण कुंडी घेऊन जायची आणि ठेवायची. कुंडीची परीक्षा. इथे उलटं, परीक्षक गावात येतात आणि गटारापासून शाळेपर्यंत फिरतात. आमच्या सोसायटीने एकदा असंच करायचं ठरवलं, पार्किंगची कडेची पट्टी प्रत्येक मजल्याला वाटून दिली. पहिल्या मजल्याने नर्सरीतून माळी आणला, दुसऱ्याने त्याहून महाग माळी आणला, तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही सगळे पेन्शनर, आम्ही गवती चहा आणि कढीपत्ता लावला. बक्षीस पहिल्या मजल्याला. पावसाळा संपेपर्यंत दोन्ही माळ्यांची झाडं गेली कारण पाणी कुणी घालायचं हे ठरलंच नव्हतं. कढीपत्ता अजून आहे, बक्षीसवालेच येऊन तोडून नेतात.

तुमच्या प्लँटरला रविवारी पाणी कोण घालतं? माझा प्रश्न एवढाच.

---

बर्फातला नाना · १८ जून

ओंटारिओहून. आमच्याकडे याचीच धाकटी बहीण आहे, 'कम्युनिटीज इन ब्लूम', १९९५ पासूनची, इथे गावाला पाचपर्यंत 'ब्लूम' देतात.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. आमच्या मंडळालाही असंच बोलावलं होतं, जज येणार, लेझीम करा. आम्ही हौसेने गेलो, फेटे बांधून. फोटो निघाले, जज टाळ्या वाजवून पुढे गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या पुस्तिकेत आमचा फोटो आणि खाली 'मल्टिकल्चरल'. आमच्यापैकी एकाने त्या गावात एक रोप लावलेलं नव्हतं हो. लाज वाटली खरं सांगायचं तर, त्यांची नाही, आपलीच. पुढच्या वेळी फोन आला तेव्हा आमच्या सेक्रेटरी वहिनींनी शांतपणे सांगितलं, येतो, पण आधी एक वाफा द्या. लायब्ररीमागे दिला, पडीक तुकडा, खाली सगळे दगड. तिथे आम्ही मेथी, कोथिंबीर आणि कडेने झेंडू केला. मेथी फुलावर आली तेव्हा जज बाई विचारत होत्या हे कुठलं शोभेचं झाड. वहिनींनी पानं खुडून हातात दिली, खा म्हणाल्या.

तर साडी नेसायची का नाही हा मुद्दाच नाही. ज्यांच्या हाताला माती लागलीय ते उभे राहतील, मग साडीत राहू देत नाहीतर गाऊनवर राहू देत.

---

मीठभाकर · १९ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, तुमचं वाचून सरळ फोन उचलला. आमच्या वीस मैलांच्या आत मराठी अशी सहा घरं आहेत, त्यातली दोन येते म्हणाली, पण मंगळवार नको शनिवार म्हणाली, कारण मंगळवारी माणसं कामावर असतात. मुख्य बाईंना विचारलं शनिवारी काम काढायचं का. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, गेली वीस वर्षं आम्ही म्हणतोय तरुण माणसं येत नाहीत, मंगळवार बदलून बघायचं कुणाला सुचलं नाही.

मास्तर, रविवारी कुणीच नाही घालत 🙈

---

मीठभाकर · १२ जुलै

जज येऊन गेले!! सांगते.

मधल्या काळात तीन शनिवार झाले. पहिल्या शनिवारी सहा जण, दुसऱ्या शनिवारी पाऊस म्हणून दोघंच (मी आणि शेजारच्या गावातला एक सांगलीचा मुलगा, त्याने एकट्याने दोन ढीग तण काढलं), तिसऱ्या शनिवारी चौदा, त्यात पाच मुलं. मुलांना मी स्लग वेचायला लावलं, एका पेन्सला दहा स्लग असा भाव ठरवला, माझे दोन पौंड गेले. हिशोब तुम्हीच करा. डबा मुख्य बाईंनी त्यांच्या कंपोस्टच्या ढिगावर नेऊन सोडला, तिथे खुशाल खाऊ देत म्हणाल्या.

प्लँटरमध्ये अकरा झेंडू मधोमध आणि कडेने बेगोनिया. खुरपंवाली, शेंडे खुडताना जीव कासावीस झाला पण प्रत्येकाला चारपाच फुटवे आले. १० तारखेला फुलं मात्र तीनच उमललेली, बाकी कळ्या. दोन जज आले, एक उंच बाई आणि एक दाढीवाले. दाढीवाल्यांनी काही न बोलता बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं, वास घेतला, आणि विचारलं, आठवड्याच्या शेवटी पाणी कोण घालतं? मास्तर, शप्पथ, तुमचाच प्रश्न! मला हसूच आलं. सांगितलं की दोन आठवड्यांपूर्वी स्टॉपच्या खांबाला पाण्याचा कॅन साखळीने बांधलाय आणि वर चिठ्ठी लावलीय, बस लेट असेल तर मला पाणी घाला. आणि लोक घालतात. एक शाळकरी पोरगा रोज उरलेली बाटली ओततो, कधी कधी ती लेमोनेडची असते.

साडी कुणी नेसली नाही. सांगलीकराने ऑफिसातून दोन तासांची सुट्टी काढली आणि चिखलाच्या बुटात उभा राहिला. ज्या काकांनी मला साडीचं विचारलं होतं त्यांनीच त्याची ओळख करून दिली, हा आमचा शनिवारचा माणूस म्हणून.

---

सडेतोड सातारकर · १३ जुलै

कॅन साखळीने बांधला हे वाचून हसलो. आमच्याकडे साखळीसकट नेला असता. निकाल कळवा.

---

मीठभाकर · २२ सप्टेंबर

सिल्व्हर गिल्ट. गोल्डला सहा मार्क कमी पडले. जजच्या रिपोर्टात लिहिलंय की रस्त्याच्या कडेला आणि गटारांच्या जाळ्यांभोवती तण फार, म्हणजे नेमकं तेच जे काउन्सिलने करायचं असतं. सातारकर, घ्या, तुमचा विजय. मुख्य बाई दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पातळ पात्याचा चाकू घेऊन स्वतःच फरशीच्या फटीतलं तण काढताना दिसल्या. मी म्हटलं हे आपलं काम नाही ना, तर म्हणाल्या माहितीय.

आता झेंडू असा फुललाय की बघत राहावं, जजला दाखवायला हवा होता. पेच असा की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी उन्हाळी फुलझाडं उपटून कंद आणि पॅन्सी लावतात. दसरा १२ ऑक्टोबरला आहे. तोरणाला तोडू का? सार्वजनिक फुलं ना ती.

---

खुरपंवाली · २२ सप्टेंबर

विचारून तोड. नाहीतरी कंपोस्टातच जाणार.

---

मीठभाकर · १३ ऑक्टोबर

विचारलं. ८ तारखेच्या मंगळवारी बाकी सगळे प्लँटर रिकामे झाले, माझा तेवढा पुढच्या मंगळवारपर्यंत ठेवा असं बाईंनी सांगून ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी कात्री आणि पिशवी घेऊन गेले तर बसची वाट बघणारे एक आजोबा तावातावाने उठले, मॅडम, ही गावाची फुलं आहेत, तोडू नका! मला इतका आनंद झाला काय सांगू. पिशवीतून हाय-व्हिज जाकीट काढून घातलं तेव्हा गप्प झाले. मग काय सण आहे विचारलं, बस येईपर्यंत देठ किती लांब ठेवायचा ते मलाच शिकवत होते.

सव्वाशेच्या वर फुलं निघाली. तीन घरांची तोरणं झाली, एक छोटं मुख्य बाईंच्या दाराला, त्यांनी ते उलटं टांगलंय, मी काही बोलले नाही.

आता शेवटचा प्रश्न, सुकलेल्या फुलांतलं बी पुढच्या वर्षी लावलं तर हीच फुलं येतील का?

---

खुरपंवाली · १३ ऑक्टोबर

पाकिटावर एफ-वन (म्हणजे संकरित बी) लिहिलं होतं का बघ. असेल तर उंची आणि रंग कमीजास्त येईल, पण येतील. फुलं पूर्ण तपकिरी होऊ दे, मग काळ्या काड्या ओढून काढ. कागदाच्या पाकिटात ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. आणि पुढच्या वर्षी चाळीस नको, शंभर पेर.

---

निवृत्त मास्तर · १४ ऑक्टोबर

आणि भांडी वाळवायला दुसरी खिडकी बघा.